बर्फाच्या लाद्या

सुभानपुऱ्यातल्या त्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकायचा. म्हणून अहल्याबाई सकाळीच खिडक्या लावून आतून ओल्या चादरी टांगायच्या. "सूर्याशी भांडण सुरू झालं हिचं," असं त्यांचे यजमान शरच्चंद्र म्हणायचे. ते एका पहाटे झोपेतच गेले, तरी त्या दिवशीही अहल्याबाईंनी चादरी टांगल्या. मुलगा उन्मेष अमेरिकेहून निघाला होता. तो दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत बाबांचा चेहरा नीट राहायला हवा होता.

मांडवीच्या बाजारातून बर्फाच्या लाद्या आल्या, त्या शरच्चंद्रांच्या भोवती रचल्या. शेजारच्या जागृतीबेन रडत आत शिरल्या.

"दार लावा, बेन. बर्फ वितळतोय."

"अहल्याबेन, जरा रडून तर घ्या!"

"उन्मेष आला की रडेन."

लाद्यांचं पाणी फडक्यानं टिपून अहल्याबाई ते बादलीत पिळत राहिल्या.

उन्मेष आला, बाबांच्या कपाळावर हात ठेवून हमसून रडला. आता आपणही रडावं म्हणून अहल्याबाई त्याच्याजवळ टेकल्या. पाठीला लाद्यांचा गारवा लागत होता. एवढं गार हे घर कुठल्याच उन्हाळ्यात झालं नव्हतं. रडू काही येईना. त्यांना झोप येऊ लागली.