जाकीट दिलं, पण घालणार कोण?

लोकांकडे जुनं सामान मागायला लागा, सामान निम्मंच येतं; किस्से मात्र भरभरून येतात! सामान निदान पुढे देऊन टाकता येतं. किस्से कुठे नेऊन द्यायचे?

आमचं टोळकं तिघांचं. मी, राहायला बोळिंज, नोकरी माणिकपूर. रिटायर झालेल्या फिलोमिना टीचर. आणि केळीच्या वाडीवाले नाना, वय सत्तर, उत्साह सतरा. शनिवारी सकाळी खाडीत कयाक वल्हवायची, हा आमचा शौक. एकदा पलीकडच्या पाड्यावरची हायस्कूलची पोरं होडीतून शाळेला जाताना दिसली. सोळा पोरं आणि एकाच्याही अंगात लाइफ जाकीट नाही! आम्ही तिघं हौसेला निघालेलो आणि जाकिटं घालून बसलेलो. मला लाज वाटली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सगळ्यांना जाकिटं द्यायची असं ठरवलं, आणि माझी झोप उडाली.

व्हॉट्सॅपवर मेसेज टाकला: 'ट्रेकिंगचं, होडीचं वापरलेलं सामान द्या. जाकिटं होडीला, बाकी सगळं आश्रमशाळेला.'

*

पहिला फोन आमच्याच कॉम्प्लेक्समधून. "तंबू आहे, चार माणसांचा." धावत गेले. उघडून बघते तर नुसतं कापड.

"आणि काठ्या?"

"त्या बाल्कनीच्या पडद्याला लावल्यात. पण कापड एकदम ओरिजनल आहे हां!"

*

एकाने ट्रेकिंगचा एकच बूट आणून दिला. डावा. उजवा म्हणे कुठल्याशा गडावर चिखलात राहिला.

"अहो, एका बुटाचं मी काय करू?"

"कोणीतरी उजवा देईलच की!"

आठ दिवसांनी त्याचाच फोन. "आला का हो उजवा? आला असेल तर दोन्ही मलाच द्या. डावा माझ्या मापाचा आहे!"

*

विरारच्या एक वहिनी नवऱ्याची भलीमोठी सॅक देऊन गेल्या. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी डोळा गडांवरच. न्या एकदाची!"

दुसऱ्या दिवशी साहेब काठी टेकत हजर. "सॅक चुकून आली." मी वहिनींना फोन लावला.

"अजिबात देऊ नका! फारच हट्ट धरला तर त्यांनाही ठेवून घ्या!"

*

हसत होते खरी, पण मे निम्मा सरला आणि जाकिटं फक्त नऊ. ऑफिसात कॅलेंडर, घरी फोन, दोन्हींकडे सारखी नजर. जेवणात लक्ष नाही. शेवटी एका गृहस्थांनी माळ्यावरून आठ जाकिटं काढून दिली.

तपासल्याशिवाय एकही द्यायचं नाही, हा टीचरांचा नियम. म्हणून नाना वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपण्याच्या तळ्यात, एकेक जाकीट घालून उतरले. सातवं घातलं आणि नाना थेट नाकापर्यंत खाली! आतल्या फोमचा पार भुगा झालेला. मी तिथूनच त्या गृहस्थांना फोन केला.

"काय सांगता! दहा वर्षांत एकदाही तक्रार नाही त्याची!"

ओलेत्या नानांनी माझ्या हातातून फोन ओढला. "दहा वर्षांत एकदाही घातलं नसेल!"

सोळा चांगली निघाली. होडीवाल्यासाठी सतरावं नानांनी स्वतःचं दिलं.

*

शाळा उघडायच्या आधी जाकिटं पाड्यावर पोचली. त्या रात्री मी शांत झोपले. पंधरा दिवसांनी बघायला गेलो, तर होडी भरलेली आणि एकाच्याही अंगात जाकीट नाही! टीचरांनी धक्क्यावरच्या बायकांना विचारलं.

"कपाटात जपून ठेवलीत, टीचर. पान्यात खराब व्हतील ना!"

*

टीचरांनी घरोघर फिरून जाकिटं बाहेर काढायला लावली. पोरांनी ती होडीत मांडीवर घेतली, पण घालेनात. "बाळूकाका घालत नाय, मग आमी कशाला?"

बाळू म्हणजे होडीचा नाखवा. त्याचं जाकीट धक्क्यावर पडलेलं. मी हात जोडले.

"ताई, नाखव्याने जाकीट घातला तर लोक म्हनतील, याचाच होडीवर भरवसा नाय. आनि मला कशाला? ही खाडी मी डोले मिटून पोहून जाईन."

वारा सुटलेला, पाणी चढत होतं, शाळेची वेळ होत आलेली. नाना समजावत होते, टीचर रागावत होत्या. बाळू इंजिनाच्या दोरीला हात घालून उभा. मला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ही होडी आज अशीच निघाली तर उद्याही अशीच निघणार.

बाळूची म्हातारी आई धक्क्यावर कोळंबी सोलत बसली होती. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. ती उठली, लुगड्याला हात पुसले, जाकीट उचललं आणि होडीत उतरली. लहान पोराला शर्ट चढवावा तसं तिने ते बाळूच्या अंगात चढवलं आणि पट्टे आवळायला लागली. ते बघून पोरांनीही एकेक करत जाकिटं घातली.

"आये, लोक बघतात," बाळू हळूच म्हणाला. "मला पोहता येतं गो."

तिने शेवटचं बकल लावलं.

"तुजा बापूस तुज्यापेक्षा चांगला पोहायचा."