खारितिनाची दोन बोटं

खारितिना साव्विश्नाचा हट्ट आमच्या गावात कोंबड्यांनाही ठाऊक आहे. मी तिची शेजारीण, म्हणजे माझं काय झालं असेल ते बघा.

आम्ही रशियातले जुन्या रीतीचे ख्रिस्ती लोक, अंगावर क्रूस काढतो तो दोन बोटांनी. साडेतीनशे वर्षांपूर्वी झार अलेक्सेईच्या काळात तीन बोटांनी क्रूस काढायचा हुकूम सुटला, तेव्हा आमचे पूर्वज केर्झेनेत्सच्या जंगलात पळाले, पण तिसरं बोट जोडलं नाही. टीव्ही आमच्यात पापच. म्हणून तो टॉवेलाखाली झाकून ठेवायचा आणि संध्याकाळी टॉवेल काढायचा.

गेल्या हिवाळ्यात मॉस्कोहून झारांवर माहितीपट करणारी मंडळी आली. झारची घसरगाडी जाते आणि बाया तीन बोटांनी क्रूस काढतात, असा प्रसंग होता. दिग्दर्शकाला खारितिनाचा चेहरा फार आवडला.

"मी हात हलवणार नाही हं," तिने बजावलं.

"नका हलवू, आजी. नुसत्या उभ्या राहा."

ती बर्फात उभी राहिली आणि मग गावभर सांगत सुटली.

कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही सगळे तिच्याच घरी होतो. तिचा चेहरा दिसला तसं आम्ही टाळ्या पिटल्या. लगेच पडदाभर एक हात आला, तीन बोटं जुळलेली. हात दुसऱ्याच कुणाचा, पण तिचाच वाटावा असा जोडलेला. प्रार्थना चालवणारा म्हातारा येव्हस्ताफी टोपी घालून निघून गेला. त्याच्या लेखी खारितिनानेच तिसरं बोट जोडलं होतं.

सकाळी ती मॉस्कोला निघाली. मीही गेले, नाहीतर तिने कुणाला तरी बदडलं असतं.

दिग्दर्शक हसला. "एवढंसं तर आहे, आजी! कुणाच्या लक्षात येतंय?"

"माझी आई गावाबाहेरच्या दफनभूमीत पुरलीय. तिच्या लक्षात आलं."

त्याचं हसू मावळलं. "हात काढला तर चेहराही जाईल. दोन्ही एकत्र जोडलेत. मग तुम्ही कुठेच दिसणार नाही."

तिच्या नातवंडांनी रात्री फोनवर तो चेहरा पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता. मी तिची बाही ओढली, म्हटलं, जरा विचार कर गं. तिने बाही सोडवून घेतली.

"काढ," ती म्हणाली.

माहितीपट पुन्हा लागला, तेव्हा येव्हस्ताफीही आला. झारची गाडी गेली. मागे नुसता बर्फ दिसला.

खारितिना ताठ मानेने पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघा, इथे उभी होते मी."