महानंदाताईंच्या कम्प्युटरला कुलूप

परळीत वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सिद्धलिंगअप्पांचं पूजासाहित्याचं दुकान होतं. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांच्या बायकोचा, महानंदाताईंचा, लग्नपत्रिकांचा कारभार चाले. एक टेबल, एक कम्प्युटर आणि दोरीवर लटकवलेले पत्रिकांचे नमुने. चाळिशी उलटल्यावर ताई कम्प्युटर शिकल्या तेव्हा जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पुढं त्याच जाऊबाईंच्या लेकीची पत्रिका ताईंनी अशी देखणी करून दिली, की पार धारूरपासून गिऱ्हाईक यायला लागलं.

ताईंना एकच नाद होता, बुद्धिबळाचा. वडील थर्मलमध्ये, म्हणजे परळीच्या वीज केंद्रात, नोकरीला. त्यांनी लेकीला लहानपणीच घोडा-उंट शिकवले होते. लग्नानंतर मात्र खेळायला कुणी मिळालं नाही. अप्पांना बसवून पाहिलं, तर ते प्याद्याला मागं चालवत आणि वर भांडत. दोन हजार आठ साली दुकानात इंटरनेट आलं आणि ताईंना खजिनाच सापडला. जगाच्या पाठीवर कुणी ना कुणी पट मांडून बसलेलाच! त्यांतला एक गडी पेरू देशातला होता. अप्पा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, “थांबा जरा, आमच्या बाई पेरूवाल्याशी खेळायल्यात.”

एकदा त्या पेरूवाल्याचा उंट ताईंच्या वजिरावर नेम धरून बसला होता, आणि इकडं वडवणीच्या एका घरची पत्रिका टाईप व्हायची होती. नवरदेव आदिनाथ, वडील भारतराव. ताईंचा जीव अडकलेला वजिरात. त्या गडबडीत नावांची अदलाबदल झाली, पत्रिका छापून गेली, गावभर वाटूनही झाली.

चौथ्या दिवशी भारतराव दुकानात हजर. “ताई, ह्या वयात माझं लगीन लावून दिलंत की! आमची मंडळी माझ्याशी बोलंना, अन् भावकी विचारायली, पोरगी कुठली बघितली म्हणून!”

ते हसत होते म्हणून निभावलं. ताईंनी पत्रिका नव्यानं छापून दिल्या, पण मनातून त्या पार शरमून गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रुद्रेशला, म्हणजे त्यांच्या भाच्यालाच, बोलावलं.

“खेळ बंद करणारं काही असतं का रे?”

“लई असतेत मावशी. पण इंटरनेटच काढून टाका की, कशाला डोक्याला ताप?”

“अन् गिऱ्हाइकाचे फोटो, नमुने कुठून घेऊ? मला इंटरनेट पाहिजे. फक्त कामाच्या वेळेला मला माझ्यापासून वाचवणारं काहीतरी दे.”

रुद्रेश तीन प्रोग्राम घेऊन आला. पहिला नुसता विचारायचा, “काम सोडून खेळायचं आहे का?” ताई “हो” वर टिचकी मारून मोकळ्या व्हायच्या. दुसऱ्यात नको त्या साइटची नावं आणि वेळ भरून ठेवायची सोय होती, पण पासवर्ड ताईंचाच. तो त्यांनी दुपारच्या चहाच्या आत स्वतःच उघडला. तिसरा मात्र कडक होता. एकदा वेळ लावली की ती संपेपर्यंत सगळं इंटरनेट ठप्प. पासवर्ड नाही, काही नाही.

“हाच पाहिजे,” ताई म्हणाल्या.

आणि खरंच, तो लावल्यापासून कामाला धार आली. पत्रिका वेळेवर जायला लागल्या, चुका थांबल्या. गिऱ्हाइकाचे फोटो, नमुने ताई आदल्या रात्रीच उतरवून ठेवत आणि रोज सकाळी दिवा लावल्यासारखं कुलूप लावत, ते संध्याकाळीच सुटे.

अशाच एका दुपारी शेजारच्या तुळजाबाई लेकीला, संस्कृतीला, घेऊन धावत आल्या. बारावीचा निकाल लागला होता. पोरीच्या हातात हॉलतिकीट, ओठ सुकलेले.

“बघा ओ ताई पटकन. पोरीनं सकाळपासून घास घेतला न्हाई.”

निकालाचा दिवस त्या साफ विसरल्या होत्या! त्यांनी कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. कुलूप तसंच. घड्याळ पुढं सरकवून पाहिलं. तरी तसंच. रुद्रेशला फोन लावला.

“मावशी, तुमीच म्हणलतात की, माझंसुदिक ऐकू नये असं दे म्हणून. आता संध्याकाळपर्यंत ते न्हाई सुटत.”

“कावून लावलं ओ असलं?” तुळजाबाई रडवेल्या झाल्या.

ताईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि अप्पांच्या हातातून स्कूटरची किल्ली घेतली. मायलेकींना मागं बसवून त्या थेट स्टेशनजवळच्या नेट कॅफेत गेल्या. तिथं ही गर्दी! ताईंनी रांगेतल्या पोरांना दटावून धक्काबुक्की थांबवली आणि नंबर येईपर्यंत संस्कृतीचा हात सोडला नाही. शेजारच्या कम्प्युटरवर कुणी बुद्धिबळ खेळत होतं. घोड्याची चाल पार चुकली होती. ताईंनी दात आवळले आणि त्याच्याकडं पाठ केली.

निकाल उघडला. पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास. तुळजाबाईंनी तिथंच लेकीची अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली. संस्कृती ताईंच्या गळ्यात पडून हसत होती आणि रडतही होती.

परत आल्यावर ताईंनी तिसरा प्रोग्राम काढून टाकला. माणसाला इतकं जखडून चालत नाही, अडीनडीला दार उघडायला पाहिजे, हे त्यांना पटलं होतं. त्यांनी तो पासवर्डवाला दुसरा प्रोग्रामच पुन्हा घेतला. बुद्धिबळाची साइट तेवढी बंद, दुकानाच्या वेळेत, रविवार मोकळा. पासवर्ड टाकायला मात्र त्यांनी अप्पांना बसवलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

आठवडाभर चांगलं चाललं. मग एका कंटाळवाण्या दुपारी ताईंनी गोड आवाजात विचारलं, “अहो, काय टाकलं होतं ओ तुमी?”

अप्पा उदबत्तीचे पुडे रचत होते. मान वर न करता म्हणाले, “वैजनाथाची आण, इसरलो बघ.”

ते खरंच विसरले होते की नाही, हे ताईंना कधीच कळलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.