ताईंच्या मागे चार गावं

त्या उन्हाळ्यात मी ताईंचे चार कार्यक्रम ऐकले. नगर, श्रीरामपूर, कोपरगाव आणि संगमनेर. चौथ्यानंतर त्यांचं गाणं मी आपणहून कधी लावलं नाही. कुठे लागलं तर उठून बाहेर जाते. पन्नास वर्षांनंतरही हे जमतं, यात मला काही मोठेपणा वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. मी तेवीस वर्षांची होते, नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मावशीकडे राहत होते. मावशी दवाखान्यात नर्स होती. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झालेली, शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, बोलायला तिखट. आई-वडील पारनेरजवळच्या आमच्या गावात होते.

ताई म्हणजे तेव्हा रेडिओवर भावगीतं गाणाऱ्या बाई. सगळे त्यांना ताईच म्हणत. सकाळी त्यांचं गाणं लागलं की मी कंगवा हातात धरून तशीच उभी राहायची. त्यांना मी पाच पत्रं लिहिली होती. एकाला उत्तर आलं होतं, दोन ओळींचं, खाली सही. ते पत्र मी साडीच्या घडीत ठेवलं होतं. मेच्या सुट्टीत त्या आपल्या जिल्ह्यात गावोगाव कार्यक्रम करणार, असं पेपरात वाचलं तेव्हा मी मावशीला म्हटलं, "मी सगळीकडे जाणार."

"एकटी?"

"तू चल की."

"मला कामं आहेत," मावशी म्हणाली. पण नगरच्या कार्यक्रमाला ती आली.

संध्याकाळी सहाचा कार्यक्रम होता. सभागृहाचे पत्रे दिवसभर तापलेले. बायका पदराने वारा घेत होत्या. ताई पांढऱ्या साडीत आल्या, तंबोरे लागले आणि मला उकाड्याची शुद्ध राहिली नाही. रेडिओत जो आवाज सरळ यायचा तो इथे जरा खरखरीत होता, आणि त्यामुळे जास्तच जवळचा वाटला. मध्यंतरानंतर त्या एका गाण्याआधी थांबल्या. रुमालाने डोळे टिपले. म्हणाल्या, "हे गाणं आज गायचं ठरवलं नव्हतं. पण तुम्हा नगरकरांचे चेहरे बघितले आणि राहवलं नाही." मी रडले. माझ्या शेजारची अनोळखी बाईही रडली, आम्ही एकमेकींचा हात धरला.

कार्यक्रम संपल्यावर आत जाऊन मी पत्रांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, ती तू का! तुझं अक्षर किती सुरेख." मग माझ्या गालाला हात लावला. "श्रीरामपूरला ये हं."

मी परतीच्या वाटेवर मावशीला चारदा सांगितलं की माझं अक्षर त्यांच्या लक्षात होतं.

श्रीरामपूरलाही मावशी आली, कारण तिची रजा होती आणि मी एकटी जाणं तिला पटत नव्हतं. एसटीत उभं राहून गेलो. तिथे उघड्या मैदानावर मांडव घातला होता. मध्यंतरानंतर, त्याच गाण्याआधी, ताई थांबल्या. रुमाल निघाला. "हे गाणं आज गायचं ठरवलं नव्हतं. पण तुम्हा श्रीरामपूरकरांचे चेहरे..."

मावशीने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "रुमाल बरोबर वेळेवर आला."

मला इतका राग आला की मी येताना सबंध रस्ताभर तिच्याशी बोलले नाही. माणूस रोज त्याच गाण्याशी हळवा होत असेल, त्यात काय खोटं? तुला गाण्यातलं काय कळतं? असं बरंच मनात म्हणत होते. हे सगळं मी स्वतःलाच पटवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणता येणार नाही. थोडं कळलं होतं.

कोपरगावला मावशीला ड्युटी होती. तिची एक मैत्रीण तिथे राहायची, तिच्याकडे उतरायचं या अटीवर तिने मला एसटीत बसवून दिलं. कार्यक्रम साखर कारखान्याच्या आवारात होता. ताई कारखान्याच्या विश्रामगृहात उतरल्या होत्या. मी दुपारी नुसतं नमस्कार करायला म्हणून गेले, तर तिथे धांदल उडालेली. तंबोऱ्याला बसणाऱ्या त्यांच्या शिष्येला ऊन लागलं होतं, ती ओकत होती. मी तिला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. नर्सच्या घरात राहून तेवढं येत होतं. ताई म्हणाल्या, "तुला तंबोरा धरता येतो का गं?"

मी लहानपणी शिकले होते, फार नाही. पण हो म्हटलं.

त्या दुपारी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले होते, त्यावर गडी पाणी मारत होता. ताई सतरंजीवर लोडाला टेकून बसल्या होत्या. पेटीवाले गृहस्थ पेटी पुसत होते. माझ्या मांडीवर तंबोरा होता. ताई म्हणाल्या, "तुमच्याकडच्या बायका काय गातात? मला गावाकडचं काहीतरी हवंय. शहरातलं तेच तेच गाऊन कंटाळा आला."

मी दोन-तीन सणांची गाणी म्हटली. त्या ऐकत होत्या, पण त्यांची नजर पडद्याकडे जात होती. मला ते सहन झालं नाही. त्यांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं. म्हणून मी आईची ओवी म्हटली.

माझ्यानंतर आईला एक मुलगी झाली होती. ती तीन वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. आईने तिचे कपडे कुणाला दिले नाहीत, गोधडी शिवताना एकेक करून आत घातले. शिवताना ती काहीतरी गुणगुणायची. माणूस आलं की थांबायची. वडिलांसमोरसुद्धा तिने ते कधी म्हटलं नाही. मी पोर म्हणून तिच्या गुडघ्याशी निजलेली असायची, म्हणून मला ठाऊक.

अबोली गं झबलं, गोधडीच्या पोटी
तीन वर्साची लेक माजी, तेवढीच ऱ्हायली मोठी

पेटीवाल्यांचा हात थांबला. ताई सरळ बसल्या. "परत म्हण," त्या म्हणाल्या. मी परत म्हटलं. पुढच्या ओव्याही म्हटल्या, सहा होत्या. पेटीवाल्यांनी वही काढून सूर लिहून घेतले.

"कुणाची गं ही?"

"आईची. तिनंच केलीय." आणि मग मी बहिणीचं सगळं सांगितलं. ताप, झबलं, गोधडी. कुणी विचारलं नसतानाही, ती गोधडी आई अजून कुणाला अंगावर घेऊ देत नाही, हेही सांगितलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमाल नव्हता तेव्हा हातात. ते पाणी खरं होतं असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

त्या संध्याकाळी मी व्यासपीठावर त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसले. पुढे हजारभर माणसं. माझ्या आयुष्यात तेवढी आनंदाची संध्याकाळ त्याआधी आली नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण आली नव्हती.

नगरला परत आल्यावर मावशीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ओवीचं ऐकून तिचा हात थांबला.

"तुझ्या आईला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? गाणंच तर आहे."

"गाणं असतं तर तिनं सगळ्यांसमोर म्हटलं नसतं का?" मावशी म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

संगमनेरच्या कार्यक्रमाला ती न बोलावता आली. ताईंची शिष्या बरी झाली होती, त्यामुळे मला पुढच्या रांगेत जागा मिळाली. ताई मला बघून हसल्या. मध्यंतरानंतर नेहमीची वेळ झाली. त्या थांबल्या. मी मनात ते वाक्य म्हणायला सुरुवातही केली होती. पण वाक्य वेगळं आलं.

"आज तुम्हाला माझ्या आईची एक ओवी ऐकवते. मी लहान असताना माझी धाकटी बहीण गेली. तीन वर्षांची होती. आई तिचे कपडे गोधडीत घालायची आणि शिवता शिवता गायची. मी तिच्या गुडघ्याशी झोपलेली असायचे."

रुमाल निघाला.

माझ्या कानात ऊन शिरल्यासारखं झालं. त्या गायला लागल्या. 'वर्साची'चं 'वर्षांची' झालं होतं, 'ऱ्हायली'चं 'राहिली'. पेटीने मधे गोड तुकडे भरले होते. लोक हुंदके देत होते. माझ्या मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाई "अरे देवा, अरे देवा" म्हणत होत्या. मी मावशीकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती हे मला कळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेले. रागाने गेले होते हे नक्की. ताई आरशासमोर गजरा सोडत होत्या.

"ऐकलंस?" त्या आनंदाने म्हणाल्या. "काय घेतलं लोकांनी!"

"ताई, ती माझी आई," मी म्हटलं. "तुम्ही तुमची म्हणालात."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. लहान मुलीला समजवावं तशा म्हणाल्या, "अगं, कुणा एका मुलीच्या आईची, असं सांगितलं तर लोकांपर्यंत पोचत नाही. आपलं म्हणून सांगावं लागतं. गाणाऱ्याला प्रत्येक गाणं आपलंच करून घ्यावं लागतं." मग वळून त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "तुझ्या आईचं गाणं आता घराघरात जाईल. तुला आनंद नाही होत?"

मला काय म्हणायचं होतं ते मला आजही पाठ आहे. तुमची बहीण मेलेली नाही. ती माझी मेली. एवढंच.

मी म्हटलं, "होतो."

आणि निघताना वाकून त्यांच्या पाया पडले. सवयीने, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. दारात मावशी उभी होती. तिने ते बघितलं. बाहेर आल्यावर तिने मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "तोंड धू."

पुढच्या वर्षी त्या ओवीची रेकॉर्ड निघाली. तिच्यावर लिहिलं होतं, गीत पारंपरिक. म्हणजे आता ती ताईंच्या आईचीही राहिली नव्हती. रेडिओवर ती आठवड्यातून दोनदा लागायची. मी ताईंना पत्र लिहायला बसले होते, ते तीनदा फाडलं. आईच्या गावात रेडिओ फक्त ग्रामपंचायतीत होता, आणि तिकडे आई कशाला जाते, अशा भरवशावर मी गप्प राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. तोपर्यंत दुष्काळ पडला होता आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. गावातल्या निम्म्या बायका जात होत्या. सकाळी ती निघायच्या तयारीत होती. हातावर चिंध्या बांधत होती. सहज म्हणावं तशी म्हणाली, "मुकादमाकडं रेडू हाय. त्याच्यावर एक बाई गाती."

मी चिंधीची गाठ मारून द्यायला पुढे झाले.

"गोधडीचं गाती. आमी समद्या फोडायचं थांबलो. बाया म्हनल्या, लई चांगलं हाय." आई माझ्याकडे बघत नव्हती. "हे तिला कुनी सांगितलं?"

"आई, अशी गाणी सगळीकडेच असतात," मी म्हटलं. "कुणीतरी कुठंतरी असंच केलं असेल."

"व्हय?" आई म्हणाली. "आन् झबलं बी अबोलीच?"

मी गाठ मारत राहिले. ती दोनदा सुटली, म्हणजे तिलाही कळतच होतं. तिने हात सोडवून घेतला नाही. गाठ पुरी होऊ दिली. मग टोपली उचलली आणि गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा भाकरी करताना शाळेचं कसं चाललंय, मावशीचे गुडघे कसे आहेत, हे सगळं विचारलं. ओवीचा विषय तिने त्या दिवशी पुन्हा काढला नाही आणि नंतर वीस वर्षांतही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते.

गोधड्या ती शिवत राहिली. घरात लागायच्याच. पण तोंड मिटून शिवायची. मी मुद्दाम जवळ जाऊन पडायची, झोपेचं सोंग घ्यायची. नुसता दोरा ओढल्याचा आवाज यायचा. एकदा धीर करून म्हटलं, "आई, ते म्हण ना." ती म्हणाली, "ते आता रेडूवर लागतंय की. तितंच ऐक." तिच्या आवाजात राग नव्हता. दुकान बंद झालंय, पलीकडे मिळेल, असं सांगावं तसं सांगितलं.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्यामागे पंधरा-वीस वर्षांनी त्या सहा ओव्या म्हणून बघाव्यात असं मनात आलं. शब्द सगळे आठवतात. पण म्हणायला गेलं की चाल ताईंची येते, पेटीच्या तुकड्यांसकट. आईची चाल जास्त सपाट होती, मधे कुठेतरी ती दम घ्यायला थांबायची, एवढंच आठवतं. कुठे थांबायची ते आठवत नाही.

मावशी तेव्हा हयात होती, पंच्याऐंशीच्या पुढची, पण डोकं साफ. दोघी बहिणी, तिच्यापुढे आई थांबत नसेल, तिने नक्की ऐकलेलं असणार. मी तिला विचारलं, "आई ती ओवी कशी म्हणायची गं? चाल आठवते तुला?"

"आठवते," ती म्हणाली. "पण तुला नाही सांगायची."