कोपऱ्यातला लाल

वाल्देमीरोला पिवळा रंग चालत नसे. सणाच्या महिन्यात तो केळंसुद्धा डोळे मिटून सोलायचा. आमच्याकडे रिओ नेग्रोच्या काठी कसाव्याच्या भाजलेल्या पिवळ्या पिठाशिवाय, म्हणजे फारिन्याशिवाय, मासा घशाखाली उतरत नाही. पण हा पठ्ठ्या महिनाभर कुठून तरी पांढरी, बेचव फारिन्या पैदा करायचा आणि वर ‘झकास लागते’ म्हणायचा. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, तेवढाच काय तो फायदा.

आता यात त्याच्या एकट्याचा दोष नाही. आमचं सांता इल्दा गाव शोभेच्या माशांवर जगतं. पुराचं पाणी रानात शिरलं की होडी घेऊन झाडांमध्ये घुसायचं, मुळांशी दडलेले बोटाएवढे मासे जाळीच्या सुपाने उचलायचे, प्लास्टिकच्या परातींत ठेवायचे आणि मानाउसच्या बोटीवर चढवायचे. पुढे ते जगभरच्या काचेच्या पेट्यांत जातात. सणात गावाचे दोन तट पडतात, लाल आणि पिवळा. नाचायचं, गायचं, एकमेकांची टिंगल करायची. माणूस ज्या तटात जन्मला त्याच तटात मरतो, लग्न झालं म्हणून रंग बदलत नाही.

आणि वाल्देमीरोची बायको नाझिल्दा होती पिवळी. साधीसुधी नव्हे, पिवळ्यांच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याची, आमान्सिओची लेक. असल्या जोडप्यांसाठी गावची रीत आहे: सण आला की बायकोने आपली झोपाळी, म्हणजे निजायची टांगती झोळी, गुंडाळून माहेरी जायचं, सण संपला की परत यायचं. नाझिल्दा वर्षानुवर्षं जात होती आणि येत होती. गेल्या सणानंतर मात्र ती आली नाही.

कारण वाल्देमीरोची जीभ. नाचगाण्याच्या चढाओढीत लाल जिंकले, उसाची दारू पोटात गेली आणि हा शहाणा मेव्हण्याच्या दारात जाऊन गायला लागला की पिवळ्यांचा पुढारी पोट वर करून तरंगतोय. आमान्सिओला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ज्या आमान्सिओने, जावई लाल असूनही, त्याला जाळी धरायला शिकवलं, त्याच्यावर हे गाणं! नाझिल्दाने खिडकी लावून घेतली. सकाळी याला सगळं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला पिवळ्या दारात कसं जायचं? वर्ष गेलं. घरात एकच झोपाळी हलत राहिली. बायकोवाचून त्याचा जीव नुसता तडफडत होता, आणि विचारलं की म्हणायचा, ‘बरं आहे, घर शांत आहे.’

अशात त्याला तो मासा मिळाला. बुडालेल्या पानांच्या थरात, बोटाच्या पेराएवढा, पिकल्या मिरचीसारखा लाल, आणि जोडीने. असला मासा गावात कुणी पाहिला नव्हता. मानाउसचा व्यापारी तर नाचायचाच बाकी राहिला. हौशी लोक यासाठी जीव टाकतील म्हणाला. आता आमच्याकडे नव्या माशाचं नाव ज्याला तो मिळाला त्याने ठेवायचं, तेही सणात, सगळ्या गावासमोर. तेच नाव पुढे खोक्यांवर चढतं. वाल्देमीरोने मनात ठरवलं, नाव ठेवायचं ‘लाल राजा’. नाझिल्दा बघेल, गाव वाहवा करेल, आणि त्या गडबडीत ती आपसूकच घरी येईल. माफीबिफी मागायचं कामच नको.

इथेच तो चुकला, आणि ही चूक आमच्यातलाच माणूस करू जाणे. आम्ही मासे पकडतो लहान, आणि पाठवतो लगेच. जन्म त्यांत गेला तरी ते मासे मोठे होऊन संसार कसा करतात ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नसतं. वाल्देमीरोने ती जोडी सणापर्यंत लालांच्या मांडवात काचेच्या पेटीत ठेवली आणि उकडलेल्या अंड्याचा बलक चारून तिचे लाड केले.

सणाच्या तोंडावर त्यातला एक मासा फिकटला. वाल्देमीरो म्हणाला, दिवा वाईट आहे. दिवा बदलला, तर मासा पिवळसर झाला. मग त्याने रंग परत चढावा म्हणून खाण्यात शेंद्रीच्या तांबड्या बियांची पूड मिसळली. मासा हळदीसारखा पिवळा झाला आणि अंगावर काळाकुट्ट पट्टा उमटला, थेट पिवळ्यांच्या झेंड्यासारखा. एवढंच नाही, आपल्या लाल जोडीदाराला ढुशा मारमारून त्याने कोपऱ्यात कोंबलं. लालांची म्हातारी मंडळी हादरली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं फितूर झाला. वाल्देमीरोने पेटीवर लाल फडकं टाकलं आणि त्याच्याखाली डोकं घालून तो माशाच्या विनवण्या करू लागला.

असल्या गोष्टी लपतात होय? मेव्हणा ओस्मारीनो मुद्दाम मांडवापर्यंत आला आणि काळजीच्या सुरात म्हणाला, “काय दाजी, तुमच्या राजाला कावीळ झाली म्हणे?”

सणाची संध्याकाळ आली. दोन्ही तट समोरासमोर बसले. लालांनी कानात सांगितलं, मासा मेला म्हण आणि पेटी उचल. वाल्देमीरोलाही पटलं होतं. पण शेवटचं बघून घ्यावं म्हणून त्याने फडक्याखाली डोकं घातलं. पिवळा मासा एका पानावर पंख हलवत उभा होता, जागचा हलत नव्हता. याने काचेला बोट लावलं तर बोटावरच धावून आला. एवढासा जीव, पण माघार म्हणून नाही. आमान्सिओ असाच होता. आणि त्याची लेकही. कोपऱ्यातल्या लाल माशाकडे बघता बघता वाल्देमीरोने फडक्याखालून डोकं बाहेर काढलं.

त्याने फडकं ओढलं. पिवळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. ढोल वाजले, टोप्या उडाल्या, लालांनी माना खाली घातल्या. गलका जरा निवल्यावर ओस्मारीनोने विचारलं, “मग दाजी, नाव काय म्हणायचं?”

वाल्देमीरोने टोपी काढली. “आमान्सिओ,” तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, “याचं नाव आमान्सिओ. गेल्या वर्षी मी त्यांच्या दारात जे गायलो, ते माझ्या तोंडात किडे पडावेत असं होतं.”

पिवळ्यांतून नाझिल्दा उठली, लालांच्या मांडवात सरळ चालत आली, जे तिने जन्मात केलं नव्हतं. पेटीपाशी वाकून तिने बराच वेळ पाहिलं. पानाखाली तांबूस मण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं होतं.

“वाल्दे,” ती म्हणाली, “माझ्या बापाने आयुष्यात नाही नाही ते केलं. पण अंडी कधी घातली नव्हती रे.”

दोन्ही तट एकदमच हसले, हे आमच्या सणात त्याआधी कधी घडलं नव्हतं. वाल्देमीरोचे कान पेटले. म्हणजे मासा फितूर नव्हता, अंड्यांच्या दिवसांत रंग बदललेली मादी होती. मादी असली तरी नाव बदलायचं नाही, बाबांचंच राहू दे, असं नाझिल्दानेच सांगून टाकलं. मग तिने पेटीच्या टोकाला बोट दाखवलं.

“आणि हा कोपऱ्यातला कोण?”

“तो मी.”

नाझिल्दा हसली नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, “मग थांब जरा. अंड्यांवरची कोंबडीसुद्धा कुणाला जवळ येऊ देत नाही. पिल्लं पोहायला लागली की ती घेईल त्याला जवळ.”

सण संपला, मांडव उतरला, पेटी वाल्देमीरोच्या घरी आली. तो तिच्यासमोर स्टूल टाकून बसून राहिला. एका सकाळी इवल्याशा पिल्लांचा धुरासारखा पुंजका पाण्यात उठला, आणि लाल मासा हळूच कोपऱ्यातून बाहेर आला. पिवळीने त्याला ढुशी मारली नाही. वाल्देमीरो ही खबर द्यायला पिवळ्या दाराकडे निघाला, तर नाझिल्दा गुंडाळलेली झोपाळी खांद्यावर टाकून वाटेतच भेटली. दुसऱ्या हातात फारिन्याची पिशवी होती, पिवळ्याधमक फारिन्याची. त्याने ती पिशवी आपल्या हातात घेतली.