हसनचाचा आणि मागचं डावं चाक

हसनचाचा गेल्याचं मला छापखान्यात कळलं. सभेच्या जाहिरातीचं प्रूफ तपासत होतो, वर बघतो तर दारात तुकाराम ड्रायव्हर. खाकी सदऱ्याची बटणं उघडी, पायात चपला नाहीत. "चाचा गेले," म्हणाला, आणि जरा थांबून, "दफन झालं. तुम्हाला कोणी कळवलं नसेल म्हणून आलो." त्याला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत हा लेख मी तीनदा सुरू केला नि तीनदा फाडला, कारण दर वेळी हात आपोआप चाचांच्या प्रेमळ स्वभावाकडे वळायचा. चाचा प्रेमळ वगैरे नव्हते, चांगले तिरसट होते. आणि मी त्यांचा गुन्हेगार आहे. ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

हसनचाचा आमच्या गावातल्या खासगी मोटार कंपनीचे मिस्त्री. तरुणपण आगबोटींच्या इंजिनखोलीत गेलेलं, त्यामुळे खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पावसाळ्यात कंपनीच्या निम्म्या गाड्या बंदराकडच्या शेडमध्ये उभ्या असत. दसऱ्याच्या सुमारास चाकं उघडली की आतले ब्रेकचे ड्रम, म्हणजे ज्यांना घासून ब्रेक चाक थांबवतो ते, गंजाने लालभडक निघायचे. चाचा पॉलिशकागद घेऊन उकिडवे बसत, ड्रम घासून उजळ करत, कोरड्या फडक्याने पुसत, आणि शेवटी अंगठ्याचं नख ड्रमच्या आतून गोल फिरवत. नख सरळ गेलं तर ड्रम पास. अडखळलं तर शेठ उभा राहून ओरडला तरी ती गाडी हलायची नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि शेठची मनमानी मोडून काढायची म्हणून पेटलो होतो. एका सकाळी शेडच्या कुंपणावरून तो लाल रंग दिसला. आत जाऊन विचारायला दहा पावलं लागली असती, पण विचारलं असतं तर पत्रक कुठून निघालं असतं? संध्याकाळपर्यंत मजकूर तयार: 'प्रवाशांनो, तुमचा जीव गंजलेल्या ब्रेकवर!' शेठ नफेखोर आहे असं त्यात लिहिलं, ते खरंच होतं. पण त्याखाली मी 'बेपर्वा मिस्त्री' असंही लिहिलं. नाव घातलं नाही. घालायची गरज नव्हती, कंपनीत मिस्त्री एकच.

पत्रक गाजलं. स्टँडवर लोक तुकारामला विचारायला लागले, "काय तुकाराम, आज सावर्डे का डायरेक स्वर्ग?" चाचांनी ते कानाआड केलं. तुकारामला मात्र ते फार लागलं. तो मूळचा हर्ण्याचा, होड्यांच्या घरातला, आणि गाडीला घरच्या होडीसारखं जपणारा.

पुढच्या शनिवारी मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन सावर्ड्याच्या बाजाराला निघालो. शेठच्याच गाडीने, दुसरी होती कुठे! चाचा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, भाचीच्या लग्नाला निघालेले, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. मला बघून म्हणाले, "काय पत्रकवाले, गंजक्या गाडीतून चाललात?"

"जीव मुठीत धरून चाललोय."

"जीव धरा, गठ्ठा सोडा. दोन्ही नाय मावायचं मुठीत."

गाडी हसली. माझे कान तापले. हातखंब्याला गाडी थांबायच्या जागेच्या चांगली पुढे जाऊन थांबली, तेव्हाही मी बाहेर बघत रागच गिळत होतो. पुन्हा निघालो, आणि चाचांनी नाक वर केलं. "मासळी कोणी आणलीय?" मागून एक बाई म्हणाली, "सकाळच्या पारी कुठली मासळी, चाचा? केळी हायत माझ्याकडं." चाचा उठले आणि तुकारामच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं.

"चाकाला काय लावलंस?"

"काल तुम्ही नमाजला गेलात ना, तेव्हा उघडून साफ केली. आणि आतून मुशी माशाचं तेल फिरवलं, होडीला लावतो तेच. आता गंज धरला तर माझं नाव सांगणार नाय. लोकांची तोंडं बंद."

"चारी चाकांना?"

"मागच्या डाव्याचे नट हलले नाय."

ब्रेकच्या ड्रमला तेल! होडी वाचवणारं तेल तुकारामने मायेने गाडीला पाजलं होतं. आणि समोर निवळीचा उतार सुरू झालेला... तुकारामने पाय दाबला, गाडी थांबायच्या ऐवजी सरकली. त्याच्या मानेवरची शीर मला अजून दिसते. चाचा ओरडले नाहीत. "दुसऱ्यात टाक," म्हणाले. गिअर करकरला, पडला नाही. "परत. घाई नको." गाडीचा वेग वाढत होता, उजवीकडे नुसतं मोकळं आभाळ, केळीवालीने माझा दंड धरलेला. दुसऱ्या खेपेला गिअर पडला, सगळी गाडी पुढे झुकली. चाचांनी हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. मागचं डावं, ते एकच कोरडं चाक धरायला लागलं आणि गाडी डावीकडे, डोंगराकडे खेचू लागली. तुकाराम स्टिअरिंग सरळ करायला गेला तशी चाचांनी त्याच्या मनगटावर थाप मारली. "ओढू दे तिला! घासू दे!" जांभ्याची कड पत्र्याला लागली, पत्रा किंचाळत फाटला, खिडक्या फुटल्या... आणि गाडी थांबली.

कोणाला फार लागलं नाही. लोक खाली उतरून रस्त्याकडेला बसले. चाचांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, चाकं उघडली आणि माझ्याकडे हात केला. "दे तो गठ्ठा. कागद बरा हाय." माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्या पत्रकांनी ते तेल पुसलं, एकेक करून. मग मागचं डावं चाक उघडून माझा अंगठा धरला आणि ड्रमच्या आतून फिरवला. ड्रम लखलखीत होता. "परवापर्यंत हा पण लाल होता. घासून कोरडा ठेवला, उरलासुरला ब्रेकनंच पुसला. वरवरचा गंज माणूस नाय मारत रे. नखाला खड्डा लागला तर घाबरायचं. तू नख लावून बघितलंस?"



शेठने विचारलं, तेल कोणी लावलं? "गाडी माझ्या ताब्यात, जबाबदारी माझी," एवढंच चाचा म्हणाले. तुकारामचं लायसन वाचलं, चाचांची नोकरी गेली. मला म्हणाले, "छापायचं तर तुझं चुकलं तेवढं छाप. पोराचं नाव नको." मी छापलं नाही. आपली चूक कबूल केली तर शेठचं फावेल, असं सहकारी म्हणाले, आणि मला तेच ऐकायचं होतं. चाचांनी खाडीच्या रस्त्यावर ताडपत्री टाकून स्वतःचं काम सुरू केलं. मी अधूनमधून जायचो. ते हातातलं काम न थांबवता विचारायचे, "छापलंस?" मी विषय बदलायचो. शेवटच्या भेटीत खोकल्याने त्यांना बोलवत नव्हतं, तरी नजर तेच विचारत होती. विडीला कधी शिवलेले नव्हते. जन्मभर ड्रममधली धूळ तेवढी तोंडाने फुंकली. त्या धुळीवर पत्रक काढायला माझे हात शिवशिवतात. या खेपेला आधी डॉक्टरांना विचारणार आहे.

तुकाराम आता सरकारी गाडीवर आहे. त्याचं नाव इथे घातलं ते त्याच्याच सांगण्यावरून. गेल्या आठवड्यात त्याच्या गाडीत बसलो. गाडी रात्रभर भिजत उभी होती. स्टँडबाहेरच्या सपाटीवर त्याने हळू चालवत एकदा ब्रेक मारला, दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला. ही सवय चाचांनी लावलेली. धक्क्यांनी वैतागून कोटवाले एक गृहस्थ ओरडले, "अहो ड्रायव्हर, गाडी गंजलीय की काय?"

"गंजलीय. पुसतोय," तुकाराम म्हणाला, आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

मी उठून उभा राहिलो. "त्यांना ब्रेक मारू द्या," मी म्हणालो. "या गंजाबद्दल गावात खोटं छापणारा माणूस मी आहे. हसन मिस्त्रींचं काम चोख होतं."

 तुकारामने चौथ्यांदा ब्रेक मारला.