गंगेची ओटी

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांची वाटणी उरकली, पण कारकुनांची राहून गेली होती. एकनाथराव हैदराबादेत महसुलाच्या कचेरीत होते. साहेबानं मराठी कारकुनांना विचारलं होतं, इथंच आंध्रात राहता, की औरंगाबादला मुंबई राज्यात जाता? संक्रांत झाली की काय ते सांगा.

एकनाथरावांचा जन्म इथल्याच काचीगुडा स्टेशनाजवळचा, बिऱ्हाडही तिथंच. गाडीच्या शिट्टीवर उठायचं आणि इराण्याच्या चहावर चालायचं. हे शहर सोडायचं नुसतं नाव काढलं तरी ते विषय बदलायचे. पण एका संध्याकाळी मोठेपणाच्या भरात ते बायकोला म्हणून बसले होते, "तू म्हणशील तसं." आता जीभ चावून काय उपयोग?

बायको, म्हणजे मालनबाई, नांदेडजवळच्या गंगाकाठच्या शेतकऱ्याची लेक. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बेगम बाजारात मिरची घ्यायला गेल्या की या बाई तेलुगूत घासाघीस करायच्या, दखनी उर्दूत हसायच्या, आणि मापात खोट दिसली की शिव्या अस्सल मराठीत. गल्लीत कुणी बाळंतीण अडली, कुणाचं छप्पर उडालं, की पहिली हाक त्यांनाच. स्वतःचं स्वयंपाकघर तसंच उघडं टाकून त्या जायच्या, आणि एकनाथराव उपाशी राहून त्यांचं कौतुक करायचे. कौतुक खरंच होतं, भूकही खरी होती.

माहेर दुसऱ्या राज्यात गेल्याचं कळल्यापासून मात्र मालनबाई गप्प झाल्या. भाकरी अशी थापायच्या की तव्याला धडकी भरावी. शेवटी एकदा बोलल्या, "आमची गंगापण माहेर सोडून ह्याच आंध्र मुलखात नांदायला आलीय. तिची इथं काय गत झाली ती बघते, मग सांगते."

"अगं, नदी ती! तिची काय गत व्हायची?"

"तेच बघायचंय ना."

कचेरीत शेजारच्या टेबलावरचे केशवराव टपलेलेच होते. "काय एकनाथराव, राज्य तुम्ही निवडणार का वहिनी?"

"दोघंही नाही," एकनाथराव कसनुसं हसले. "नदी निवडणार आहे."

संक्रांतीच्या तोंडावर दोघं रेल्वेनं राजमहेंद्रीला उतरले. पुढं गोदावरीवरच्या धरणाच्या खालून समुद्रालगतच्या नरसापूरच्या जुन्या बंदराकडं शिडाच्या नावा जायच्या. वीरास्वामी नावाच्या नावाड्यानं त्यांना चिंचेच्या पोत्यांवर बसवून घेतलं. वारा भरला, नाव एका अंगाला कलली, तसे एकनाथराव पोत्याला असे बिलगले की चिंचेलाही लाज वाटावी. मालनबाई मान वर करून शिडाची ठिगळं बघत होत्या.

"टाके कुणी घातले?"

"मीच, अम्मा."

"तरीच. घरातल्या बाईला दिलं असतं तर निम्म्या दोऱ्यात भागलं असतं."

वीरास्वामी खो खो हसला आणि तिथून पुढं मालनबाईंची बडदास्त जावयासारखी ठेवली. खरे जावई एकनाथराव चिंचेवर उपेक्षितच राहिले.

दुसऱ्या दिवशी नरसापूर आलं. नदी एवढी रुंदावलेली की पलीकडचा काठ म्हणजे काजळाची एक रेघ. काठावर एका लाकडी जहाजाच्या बरगड्या उभ्या होत्या, सुतार ठोकत बसले होते. मागं चुना झडलेली जुनी वखार. कधीकाळी इथं फिरंग्यांची जहाजं बांधायचे, इथून कापड दर्यापार जायचं, असं वीरास्वामीनं दखनीची मोडतोड करत सांगितलं.

"म्हणजे बेगम बाजारच की," मालनबाई म्हणाल्या. "दारात गाड्यांऐवजी नावा, एवढंच."

घाटावरच्या बायांना त्यांनी तिळगूळ वाटला. बायांनी उलट अरिसेलु दिले. मालनबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "अगं बया, हा तर आपल्या अनारशाचा भाऊ!" दुसरा अख्खा नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि पदर खोचून पाण्यात उतरल्या.

नांदेडला त्या सणासुदीला गंगेची ओटी भरायच्या. खणात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला की तो खाली वाहत जायचा. कोण बघतंय मागं वळून! इथंही त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला, हात जोडले.

नारळ जागेवरच घुटमळला. मग गिरकी घेऊन उलटा, वरच्या अंगाला निघाला.

एकनाथरावांनी कपाळाला हात लावला. नदीनं ओटी परत केली! म्हणजे गंगा इथं सुखात नाही, आणि आपलं बिऱ्हाड औरंगाबादला. "वारा असेल गं," ते काठावरून ओरडले.

मालनबाईंनी खाली वाकून पाण्यात हात घातला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं नि थुंकलं. "खारट! वीरास्वामी, हे काय?"

"भरती, अम्मा. समुद्र वर चढतो. आमची गोदारी दिवसातून दोनदा माघारी फिरते, मग परत येते."

"रोज?"

"रोज."

नारळ जहाजाच्या बरगड्यांपलीकडं दिसेनासा होईतोवर मालनबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मग महिन्यादोन महिन्यांचं साचलेलं हसू एकदम बाहेर पडलं. "बघा! एवढी थोर बाई. कुठल्या कुठं नांदायला आली, खारट झाली, तरी दिवसातून दोनदा माहेरच्या वाटेला लागती. तिला कुणाची वेस आडवी आली?"

"म्हणजे... औरंगाबाद?" एकनाथरावांचा आवाज चिरकला.

"औरंगाबादेत माझं कोण बसलंय? घर काचीगुड्यात, माणसं काचीगुड्यात. ऱ्हायचं तिथंच. पण वर्षातून दोनदा मी नांदेडला जाणार. आणि तुम्ही सोडायला येणार. मुकाट."

"हौ!" एकनाथराव एवढ्या जोरात म्हणाले की हातातला अरिसेलु सुटून पाण्यात पडला, आणि नारळामागोमाग तोही नांदेडच्या दिशेनं निघाला.